बरा झालास की परत देईन

सोमवार, ४ मार्च

भाच्याने माझ्यावर दावा लावला आहे, म्हणून ही वही आणली. एरवी मी डायरी लिहिणाऱ्यांतली नाही. ज्यांना दिवसभरात काही काम नसतं ती माणसं डायरी लिहितात असं माझं मत होतं आणि आहे. पण वकीलबाई म्हणाल्या, "रोज आठवेल तेवढं लिहून काढा. कोर्टात उभं केलं की माणसाला स्वतःच्या आईचं नाव आठवत नाही."

मी म्हणाले, "मी शाळेत इतिहास शिकवलाय. मला तारखा आठवतात."

"तारखा नकोत हो. कोण काय बोललं ते हवंय. आणि भावना नकोत."

हे मला सांगायची गरज नव्हती.

तर घटना अशी. माझा धाकटा भाऊ जानेवारीत गेला. साठी उलटली होती, पण मी त्याला धाकटाच म्हणायची. त्याचं बुटांचं दुकान आहे. आरसे आणि दिवे लावलेलं नव्हे. ज्यांचा एक पाय आखूड आहे, बोटं वळलेली आहेत, टाच वाकडी पडते, अशांसाठी तो बूट करायचा. वडिलांचा धंदा. वडिलांनी मला कॉलेजात घातलं आणि त्याला आरी दिली, म्हणजे आमच्या घरात मुलगी शिकली आणि मुलगा राबला. यजमान गेले, मी निवृत्त झाले आणि दुकानात जायला लागले. पुढच्या खोलीत मी मापं घ्यायची, मागच्या खोलीत तो लाकडाचे फर्मे कोरायचा आणि त्यांवर बूट शिवायचा. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पावलांचा वेगळा फर्मा. तो जन्मभर सांभाळायचा, म्हणजे पुढच्या जोडाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको. मागच्या खोलीत भिंतभर कपाट आहे, त्यात सगळ्यांचे पाय.

हॉस्पिटलात, जाण्याच्या थोडे दिवस आधी, त्याने दुकानाची किल्ली माझ्या हातात ठेवली. भाचा, म्हणजे त्याचा एकुलता एक मुलगा, म्हणतो की ती सांभाळायला दिली. मी म्हणते, मला दिली. जागा भाड्याची आहे. वाद आतल्या सामानाचा आहे, हत्यारं, शिवणयंत्र आणि फर्मे. त्याला ते मोडीत काढून जागा मोकळी करायची आहे. मला रोज सकाळी तिथे जायचं आहे.

बुधवार, ६ मार्च

वकीलबाई वयाने लहान आहेत, पण बोलणं खणखणीत. मला अशी माणसं चालतात.

"तुमच्या बाजूचा मुद्दा म्हणजे डोनेशिओ मॉर्टिस कॉझा," त्या म्हणाल्या.

"हे पोटदुखीवरचं औषध वाटतंय."

"लॅटिन आहे."

"ते समजलं. मेलेल्या माणसांचे कायदे मेलेल्या भाषेत, ठीकच आहे. अर्थ सांगा."

त्यांनी समजावलं. माणसाला मरण समोर दिसतं आहे. अशा वेळी तो एखादी वस्तू दुसऱ्याच्या प्रत्यक्ष हातात देतो. वस्तू मोठी असेल तर तिची किल्ली दिली तरी चालते. तो गेला, तर वस्तू घेणाऱ्याची. तो बरा झाला, तर वस्तू परत. इच्छापत्र लागत नाही, साक्षीदारांच्या सह्या लागत नाहीत.

"म्हणजे अर्धवट दान."

"अर्धवट नाही, अटीचं. आता सांगा, किल्ली देताना ते काय म्हणाले?"

"म्हणाला, ताई, हे घे. दुकान आता तुझं."

"आणि तुम्ही?"

इथे मी थोडा वेळ घेतला. खोटं सांगायचं नव्हतं आणि खरं सांगितलं तर दावा तिथेच बुडेल असं वाटत होतं. म्हणाले, "मी म्हटलं, वेड्यासारखं बोलू नकोस. बरा झालास की परत देईन."

वकीलबाईंनी टेबलावर थाप मारली. बाहेरचा कारकून डोकावून गेला. "अहो, हेच तर हवं! बरा झाला तर परत! कायद्याची अट तुमच्याच तोंडून निघाली की!"

"मला कायदा माहीत नव्हता. मी त्याला धीर देत होते."

"ते कोर्टाला सांगायचं नाही. मग ते काय म्हणाले?"

"हसला. म्हणाला, बरं. आणि नाही झालो तर ठेव. त्याला चेष्टेची खोड होतीच."

त्यांनी हे शब्दाला शब्द उतरवून घेतलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "म्हणजे आपण वाचणार नाही हे त्यांना माहीत होतं."

"छे! मी कोणाला सांगूच दिलं नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. देणाऱ्याला मरण दिसत नसेल तर हे दान होत नाही म्हणे. मग ती नुसती ठेवायला दिलेली किल्ली.

सोमवार, ११ मार्च

वकीलबाई म्हणतात, लपवलंत ते कसं, ते सविस्तर लिहा. लिहिते.

डॉक्टरांनी पोट उघडलं आणि काही न करता मिटलं. मला खोलीत बोलावून सांगितलं. मी विचारलं, त्याला कळलं तर त्याचा काही फायदा आहे का? डॉक्टर म्हणाले, तो निर्णय घरच्यांचा. घरची म्हणजे मी. भावजय कधीच गेली आणि भाचा दुसऱ्या शहरात. मी तिथल्या तिथे ठरवलं, सगळ्यांनी एवढंच सांगायचं: पित्ताशयात खडे होते, ते काढले. डॉक्टरांना, नर्सना, भाच्याला, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दारातच ताकीद दिली. चेहरे सरळ ठेवायचे, ज्यांना जमणार नाही त्यांनी यायचं नाही. माझ्या वर्गात चाळीस मुलं गप्प बसत, तर आठ-दहा मोठी माणसं का बसणार नाहीत? बसली.

तिसऱ्या दिवशी धाकटा म्हणाला, "ताई, बघू तरी माझे खडे. लोक बाटलीत घालून घरी नेतात."

मी म्हणाले, विचारते. बाहेर आले. हॉस्पिटलच्या मागे नळाजवळ खडी पसरलेली आहे. त्यातले चार निवडले, फार मोठे नाहीत, रंगाने पिवळट. साबणाने धुतले, खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत घातले आणि नेऊन दिले. इतकं नीट आखून खोटं मी जन्मात केलं नव्हतं.

त्याने ते तळहातावर घेतले. चामड्याचा पोत बघावा तसे अंगठ्याने चोळले. नाकाशी नेले. म्हणाला, "छान आहेत गं. एवढे गुळगुळीत?"

"तुझं पित्तच तसलं."

त्यावर त्याला ठसका लागला. तोंडावर पांघरूण घेऊन बराच वेळ खोकत राहिला, डोळ्यांतून पाणी आलं. मी पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. त्यानंतर ती बाटली शेवटपर्यंत त्याच्या उशाशी होती. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, "माझी जन्मभराची कमाई."

तेव्हा त्याचा विश्वास बसला होता यात मला शंका नाही.

शुक्रवार, १५ मार्च

भाच्याचं प्रतिज्ञापत्र मिळालं. तांबड्या पेन्सिलीने वाचायची सवय आहे, पण खूण करायला एकही जागा मिळाली नाही. 'माझ्या वडिलांना शेवटपर्यंत खरं कळू दिलं गेलं नाही. माझ्या आत्याने सर्वांची तोंडं बंद केली होती. मरण येत आहे हे ज्याला माहीतच नाही, तो मरणापोटी दान कसं करील?' सगळं खरं. पुरावा म्हणून खड्यांची बाटली हजर केली आहे. चष्मा आणि घड्याळाबरोबर त्याने ती नेली, तेव्हा मला वाटलं होतं आठवण म्हणून नेतो आहे.

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तो भेटायला आला होता तो दिवस लिहून ठेवते. सकाळी आला, संध्याकाळच्या गाडीने परत जायचं होतं. दिवसभर त्याची चुळबूळ. "आत्या, तू जरा घरी जाऊन पड." मी म्हणाले, मी खुर्चीत मजेत आहे. "आत्या, चहा आणतेस का?" मी थर्मास भरून आणला होता. "आत्या, खाली औषधाच्या दुकानात जाऊन येतेस?" औषधं सकाळीच आणली होती. असली लक्षणं मी लगेच ओळखते. पोराचा धीर सुटला होता, एकटा सापडला असता तर बापाच्या गळ्यात पडून सगळं ओकला असता. मी खोलीतून हलले नाही. दुपारी डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा पाच मिनिटं गेले तेवढीच, आणि परत येऊन बघते तर दोघेही डोळे पुसताहेत! भाच्याला दंडाला धरून बाहेर नेलं आणि झापलं. "त्याला संशय आला तर बघ माझ्याशी गाठ आहे."  आत गेलो तोवर धाकट्याला झोप लागली होती.

शुक्रवार, २२ मार्च

दुकान उघडलं. शिवणारा नाही, तरी जुने बूट दुरुस्तीला येतात, टाचेचं पान बदलणं वगैरे मला येतं. धाकट्याने आजारपणाआधी, अंगात कणकण असायची त्या दिवसांत, मला जबरदस्तीने मागच्या खोलीत बसवून कानस धरायला शिकवली. फर्म्याचा चवडा कसा घासायचा, टाका कुठे आवळायचा. मी म्हणत होते, या वयात? तो म्हणायचा, "तेवढाच माझा वेळ जातो." आता उपयोगी पडतं आहे, योगायोग.

दुपारी कंडक्टर आला. बसवर कंडक्टर होता, आता निवृत्त, डावा पाय दोन बोटं आखूड. दुकानातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात तोंडाळ गिऱ्हाईक.

"काय मास्तरीणबाई, कोर्टात नाव काढलंत म्हणे."

"बूट काढा."

"बूट ठणठणीत आहेत. तुमच्या भावाने मला एकदम तीन जोड शिवून ठेवलेत. ते झिजेपर्यंत मी जगेन याची त्याला खात्री, मला नाही!"

ते तीन जोड मला आठवतात. डॉक्टरांनी आराम सांगितला असताना हा उलट दुप्पट काम काढून बसला होता. मी त्यावरून बोलले पण होते.

मी मुद्द्यावर आले. "तुम्ही हॉस्पिटलात यायचात. तो तुमच्याशी आजारपणाबद्दल काही बोलला का? आपण जाणार आहोत, असं काही? असेल तर कोर्टात येऊन सांगावं लागेल."

कंडक्टर एकदम बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला. "मला कोर्टात उभं करू नका, बाई. मी त्याला शब्द दिलाय."

"कसला शब्द?"

"ते सांगितलं तर शब्द राहिला कुठे?"

"मग निदान एवढं सांगा, त्याला माहीत होतं की नव्हतं?"

तो उठला. दारात जाऊन म्हणाला, "कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का हो, बाई?" आणि गेला.

घाबरला कोर्टाला. जन्मभर लोकांना तिकिटावरून दटावलं आणि साक्षीला उभं राहायचं म्हटलं की म्हणी सुचतात.

मंगळवार, २ एप्रिल

वकीलबाई आज चिडल्या. "तुम्हाला दावा जिंकायचाय की नाही? आठवा काहीतरी. एखादं वाक्य, एखादी नजर. त्यांना कळलं होतं असं दाखवणारं काहीही."

मी म्हणाले, नाही आठवत.

खरं म्हणजे मी आठवत नाही असं नाही, शोधत नाही. दुकान हवं असेल तर त्याला माहीत असायला हवं. आणि माहीत असेल, तर ते सगळे दिवस तो त्या खाटेवर एकटा होता आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून घरी गेल्यावर काय खायचं याच्या गप्पा मारत होते. त्याला अंगणात बसायला नवी खुर्ची घेऊ म्हणत होते. रंग कोणता ते विचारत होते. तो हिरवा म्हणाला.

त्याला माहीत नव्हतं.

शनिवार, ६ एप्रिल

दुकान उघडलं, झाडलं, बंद केलं.

बुधवार, १७ एप्रिल

माझी साक्ष झाली. भाच्याचा वकील गोड बोलणारा आहे. अशी मुलं वर्गात मागच्या बाकावर बसतात.

त्याने बाटली वर धरली. "बाई, हे खडे कोणाचे?"

"हॉस्पिटलच्या आवारातले. नळाजवळचे."

कोर्टात हशा. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं, तेव्हा थांबला.

"म्हणजे एका मरणाऱ्या माणसाला तुम्ही नळाजवळची खडी दाखवून फसवलंत."

"हो."

"आणि तो फसला?"

वकीलबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांनी काल तासभर शिकवलं होतं, की अशा प्रश्नाला 'मी त्याच्या मनातलं कसं सांगणार' एवढंच म्हणा. वाक्य पाठ होतं. पण शपथ घेतली होती, आणि मी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"हो," मी म्हणाले. "पुरता फसला. मी तिथेच होते."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. भाचा मान खाली घालून बसला होता. वाटलं, खूश झाला असेल, पण मान वर केली तेव्हा खूश दिसला नाही.

बाहेर वकीलबाई म्हणाल्या, "अशी अशील असल्यावर समोरच्याला वकील लागतो कशाला!" मी त्यांना चहा पाजला. 

गुरुवार, १८ एप्रिल

हे आजच लिहायला हवं. उद्या मी ते माझ्या सोयीने लिहीन.

भाचा साक्षीला उभा राहिला. वकीलबाईंना आशा नव्हती, म्हणून साधे प्रश्न विचारत होत्या. वडिलांना भेटायला कितीदा आलात? एकदा. त्या दिवशी एकटे बोललात का?

"पाच मिनिटं."

"आजाराबद्दल काही बोलणं झालं?"

 भाच्याचा वकील उठून काही म्हणू लागला, न्यायाधीशांनी त्याला बसवलं. "साक्षीदाराने उत्तर द्यावं."

भाचा माझ्याकडे वळला. "आत्या, तू बाहेर जातेस का?"

"साक्षीदाराने कोर्टाशी बोलावं," न्यायाधीश म्हणाले.

मी उठले नाही. मी कुठूनच उठत नाही, हे आता मला कळतं आहे.

"झालं," तो म्हणाला. "बाबांना माहीत होतं. पहिल्यापासून."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. ते म्हणाले, संशय दुकानात असतानाच आला होता, ताई माझ्याशी गोड बोलायला लागली तेव्हा पक्कं ओळखलं. म्हणाले, जन्मात पहिल्यांदा ती माझ्यावर ओरडत नाहीये. पांघरूण नीट करते, काय खातोस विचारते. म्हणजे आता काही खरं नाही."

कोणीतरी हसलं. मला ते ऐकू आलं.

"आणि हे खडे?"

"ते त्यांनीच दाखवले मला. म्हणाले, वास घे, साबणाने धुवून आणलेत तिने. नळाजवळचे आहेत, मी खिडकीतून बघितलं तिला वेचताना. चार वेचायला किती वेळ लावला! मोठा उचलायची, परत टाकायची." भाचा आता बाटलीकडे बघत बोलत होता. "आम्ही हसत होतो. त्यांचे टाके ओढायला लागले, तरी हसत होते. मग म्हणाले, ताईला कळू देऊ नकोस मला कळलंय ते. डॉक्टरांना, नर्सना, सगळ्यांना सांगून ठेवलंय. तिने एवढी मेहनत घेतलीय, तिचं मन मोडायला नको."

सगळ्यांना. म्हणजे मी दारात उभी राहून माणसांना ताकीद देत होते आणि आत गेल्यावर तो त्यांना दुसरी ताकीद देत होता. वॉर्डात एकट्या मलाच माहीत नव्हतं.

वकीलबाईंनी हळू आवाजात विचारलं, "किल्लीबद्दल काही म्हणाले?"

"म्हणाले, दुकान तिला देणार आहे. नाहीतर ती घरात बसून भिंतींवर तांबड्या पेन्सिलीने खुणा करत बसेल."

न्यायाधीशांनी विचारलं, मग प्रतिज्ञापत्रात उलट का लिहिलं? भाचा म्हणाला, "राग होता." कसला, ते सांगितलं नाही. न्यायाधीशांनी त्याला कडक शब्दांत समज दिली. ती त्याने मान खाली घालून ऐकली.

बाहेर जिन्यापाशी मी त्याला गाठलं. "कसला राग?"

"सोड ना, आत्या."

"कसला राग, विचारतेय मी."

तो जिन्यात बसला, पायरीवर, मोठा बाप्या माणूस. "तू खोलीतून हलली नाहीस गं. सकाळपासून मी तुला काढायला बघत होतो. मला त्यांच्याशी बोलायचं होतं. आईबद्दल विचारायचं होतं. मी घर सोडून गेलो त्याबद्दल सांगायचं होतं. पाच मिनिटं मिळाली, आणि ती आम्ही तुझ्या खड्यांवर हसण्यात घालवली. मला वाटलं, हसून झालं की बोलू. तेवढ्यात तू आलीस आणि मला दंडाला धरून बाहेर नेलंस. परत आलो तर ते झोपले होते. माझी गाडी होती." मग म्हणाला, "मला ते फर्मे घेऊन काय करायचंय? तुझ्याकडून काहीतरी काढून घ्यायचं होतं."

 मी त्याच्या शेजारी बसले. गुडघा वाजला. लोक आमच्यातून वाट काढून वरखाली करत होते.

शुक्रवार, १९ एप्रिल

तो खिडकीतून बघत होता.

शुक्रवार, ३ मे

निकाल लागला. न्यायाधीशांनी ते लॅटिन नाव सावकाश वाचलं आणि तिन्ही गोष्टी सिद्ध झाल्या म्हणाले. देणाऱ्याला मरण जवळ आल्याचं माहीत होतं, वस्तू किल्लीच्या रूपाने हातात दिली, आणि बरा झाल्यास परत अशी अट दोघांनाही समजलेली होती. सामान माझं.

दोघांनाही समजलेली, हे बरोबर नाही. एकालाच समजलेली होती. पण निकालात दुरुस्ती सुचवायची पद्धत नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "अहो, जिंकलात! जरा हसा तरी." मी हसले. त्या म्हणाल्या, "राहू द्या."

रात्री भाच्याला फोन केला. "सामान माझं झालं. तू ये एकदा." "कशाला?" "ये म्हटलं ना." मग वाटलं, असं बोलायला नको होतं, आणि म्हणाले, "तुला जमेल तेव्हा." पलीकडून म्हणाला, "आत्या, तू नेहमीसारखं बोल. भीती वाटते."

शनिवार, ११ मे

भाचा सकाळच्या गाडीने आला. स्टेशनवरून तसाच दुकानात. मी बाहेर उभी होते. कुलूप काढलं नव्हतं.

किल्ली त्याच्या हातात दिली. "जा आत. मागच्या खोलीत त्याची बसायची जागा आहे. मी इथे पायरीवर आहे."

"तू नाही येत?"

"नाही."

"किती वेळ?"

"मला काही घाई नाही."

तो आत गेला. मी दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसले. रस्त्यावर सामानाची गाडी रिकामी होत होती, ती पूर्ण रिकामी होऊन गेली. समोरच्या इमारतीतल्या बाईने कपडे वाळत घातले. आतून आवाज नाही. दोनदा वाटलं, उठावं, पाणी हवं का विचारावं. उठले नाही. हे मला किती जड गेलं ते वकीलबाईंनी भावना लिहायला बंदी केली आहे म्हणून लिहीत नाही.

कंडक्टर आला. "बाई, बाहेर का? दुकान बंद?"

"बंद."

"दार तर नुसतं लोटलेलं दिसतंय."

"तरी बंद."

त्याने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाय लांब करून माझ्याशेजारी पायरीवर बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचं तोंड बंद पाहिलं. थोड्या वेळाने एवढंच म्हणाला, "मी शब्द दिला होता हो. नाहीतर तुम्हाला सांगितलं असतं."

"बरं केलंत," मी म्हणाले.

मग आतून भाच्याचा आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते. सावकाश, मध्ये थांबून, मग पुन्हा. कोणाला काही समजावून सांगावं तसा. कंडक्टर उठला, टोपी नीट केली आणि निघून गेला. मी कान दुसरीकडे लावायचा प्रयत्न केला. आवाज थांबला. मग कपाटाची दारं उघडल्याचे आवाज, एकामागून एक.

तो बाहेर आला तेव्हा ऊन पायरीवरून सरकून भिंतीवर गेलं होतं. डोळे सुजले होते. हातात फर्म्यांचा एक जोड. "आत्या, यांच्यावर नाव नाही. अगदी खालच्या कप्प्यात, मागे होते."

मी ते हातात घेतले. लाकूड नवं, पांढरं. उजव्याचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. लहानपणी एका गादीवर झोपायचो तेव्हा त्या बोटाने तो मला टोचायचा. टेप लावायची गरज नव्हती.

धाकट्याने स्वतःसाठी कधी बूट शिवले नाहीत. जन्मभर बाजारातले तयार बूट घालायचा, तेही सैल. मी हसायची त्याला. हे फर्मे हॉस्पिटलात जाण्याआधीच्या दिवसांतले, अंगात कणकण असताना केलेले. बूट शिवायला नाहीत हे उघड आहे. कशाला केले ते तो सांगून गेला नाही. सगळ्यांचे पाय त्या कपाटात होते, आपलेही असावेत असं वाटलं असेल.

भाचा म्हणाला, "मी नेऊ?"

या धंद्यात जोड फोडत नाहीत. माणूस मेला तरी त्याचे दोन्ही फर्मे एका दोरीने बांधून ठेवतात, वडिलांनी ते आम्हाला मारून शिकवलं होतं. मी दोरी सोडली.

तो संध्याकाळच्या गाडीने गेला. जाताना पाया पडायला वाकला, मी त्याला तसंच वर उचललं. 

नोंद करून ठेवते.

आज भाच्याला दिलं: त्याच्या वडिलांची चामडं कापायची रापी, मुठीला काळा दोरा गुंडाळलेली. चामड्याचा एप्रन, गळ्याजवळ तुटलेला, मी टाका घातला आहे. दुकानाची एक किल्ली, नवी करून घेतलेली, कधीही येण्यासाठी, मला न विचारता. उजव्या पावलाचा फर्मा. डावा माझ्याकडे राहील.

परत करायची अट नाही.